आरमधलं पहिलं पॅकेज: माझ्याकडे चालतं, मैत्रिणीकडे का नाही?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की आरमध्ये, म्हणजे आकडेवारीसाठीच्या त्या प्रोग्रॅमिंग भाषेत, तीच तीच फंक्शनं दहा फायलींत कॉपी-पेस्ट करत बसण्यापेक्षा सरळ एक छोटं पॅकेज, म्हणजे लागेल तिथे बोलावता येणारा फंक्शनांचा गठ्ठा, करून टाका, एका दुपारचं काम आहे. ते 'एका दुपारचं' मला चांगलंच महागात पडलंय. महिनाभर मेल येतायत, कुणाची दुपार आठवडाभर चालली, कुणाची अजून चालूच आहे, आणि एका काकांनी तर स्क्रीनशॉटच्या खाली फक्त 'आता?' एवढंच लिहिलंय. त्यामुळे या वेळचं सगळं सदर पॅकेजला. एकच आधी सांगते, इथे सगळं देवनागरीत छापलं जातं म्हणून फंक्शनांची नावं आपण तोंडाने म्हणतो तशी लिहिलीयेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी.

प्रश्न: ताई, मी बाजारभावाच्या आकडेवारीसाठी चार फंक्शनांचं पॅकेज केलं. आरस्टुडिओत (आर लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) कंट्रोल-शिफ्ट-एल दाबलं की चारही मस्त चालतात. पण इन्स्टॉल करून नवीन फाइलमध्ये लायब्ररी लिहून बोलावलं की पॅकेज लोड होतं, एकही एरर येत नाही, आणि फंक्शन चालवायला गेलं की 'कुड नॉट फाइंड फंक्शन'. चार वेळा काढून परत टाकलं. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर पण तेच. डोकं फिरायची वेळ आलीये. (एक पीएचडी विद्यार्थिनी, परभणी)

अगं, तू फोल्डर पाठवलंस ते बरं केलंस, नाहीतर मी पण तुला 'परत इन्स्टॉल कर' एवढंच सांगून मोकळी झाले असते. मी पहिली नेमस्पेस नावाची फाइल उघडली, पॅकेजमधलं काय बाहेर वापरता येईल त्याची यादी असते ती. तिच्यात एकच ओळ, ही फाइल रॉक्सिजनने (फंक्शनवरच्या खास कॉमेंट वाचून ही यादी आणि हेल्पच्या फायली बनवणाऱ्या पॅकेजने) बनवलीये, हाताने बदलू नका. त्याच्या खाली काहीच नाही, कोरं. म्हणजे तुझ्या पॅकेजमध्ये चार फंक्शनं आहेत पण एकही बाहेर दिसायला ठेवलेलं नाही. दुकानात माल भरलाय आणि शटर खाली, असं. लायब्ररी म्हटल्यावर दुकान लोड होतं, म्हणून एरर नाही.

मग कंट्रोल-शिफ्ट-एल केल्यावर कसं काय चालतं? तर ते बटण लोड ऑल चालवतं, आणि लोड ऑल मुद्दामच सगळी फंक्शनं तुझ्यासमोर उघडी ठेवतं, एक्स्पोर्ट केलेली असोत की नसोत, कारण ते काम करणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. म्हणून लोड ऑलमध्ये चाललं याचा अर्थ कोड बरोबर आहे एवढाच, पॅकेज बरोबर आहे असा नाही. हे मला स्वतःला कळायला दोन दिवस गेले होते आणि ते दोन दिवस मी इंटरनेटला शिव्या घालत होते.

खात्री करायची असेल तर एक सोपी गोष्ट कर. पॅकेजचं नाव, मग तीन कोलन, मग फंक्शनचं नाव असं कन्सोलमध्ये लिहून बघ. तीन कोलनने चाललं आणि दोन कोलनने 'एक्स्पोर्टेड ऑब्जेक्ट नाही' अशी तक्रार आली की समजायचं, फंक्शन आत आहे, फक्त बाहेर काढलेलं नाही.

आता खरी गंमत. तू म्हणतेस की प्रत्येक फंक्शनच्या वर ॲट एक्स्पोर्ट लिहिलंय, आणि खरंच लिहिलंय, मी बघितलं. मग डॉक्युमेंट (रॉक्सिजनला कामाला लावणारी आज्ञा) चालवल्यावर ते नेमस्पेसमध्ये का गेलं नाही? मी अर्धा तास बघत बसले. शेवटी फॉन्ट मोठा केला तेव्हा दिसलं. रॉक्सिजनची ओळ सुरू होते हॅशने आणि त्याला चिकटून सरळ अपॉस्ट्रॉफीने. तुझ्याकडे अपॉस्ट्रॉफी वाकडी आहे! तू तो भाग कुठल्यातरी वर्डच्या नोट्समधून उचलला असणार, वर्ड आपल्या मनाने सरळ चिन्हाचं वाकडं करतं, व्हॉट्सॲपवरून आलेल्या कोडमध्ये पण हा प्रकार होतो. आरच्या दृष्टीने हॅशपुढे काय आहे याच्याशी घेणं नाही, ती साधी कॉमेंट, म्हणून एरर नाही. रॉक्सिजनच्या दृष्टीने ती त्याची ओळच नाही, म्हणून तो पण गप्प. दोघंही गप्प आणि तू वेडी. चारही ठिकाणी ते चिन्ह कीबोर्डवरून परत टाइप कर, कंट्रोल-शिफ्ट-डी करून डॉक्युमेंट चालव, नेमस्पेस उघडून चार ओळी आल्या का बघ, आणि मगच इन्स्टॉल.

आणि यापुढे लोड ऑलवर खूश होण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एफ१० ने आर रिस्टार्ट करून कोऱ्या सेशनमध्ये लायब्ररी म्हणून बघायचं.

प्रश्न: मॅडम, फंक्शनमध्ये दुरुस्ती केली, लोड ऑल केलं, तरी जुनंच उत्तर येतं. सेव्ह केलंय, तीनदा बघितलं.

उजव्या बाजूला एन्व्हायर्नमेंटच्या खिडकीत त्याच नावाचं फंक्शन दिसतंय का? दिसणारच. कधीतरी तुम्ही ती फाइल सोर्स केली असेल किंवा ओळी सिलेक्ट करून चालवल्या असतील, तेव्हाचं जुनं फंक्शन तिथे बसून राहिलंय आणि आर आधी तिथे बघतो, पॅकेजमध्ये नंतर. लोड ऑल याची सूचना देतं पण ती सूचना कोण वाचतं! ते पुसून टाका. आणि आरस्टुडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू होताना जुनं वर्कस्पेस परत आणायची जी टिक आहे ती काढून टाका, नाहीतर आज पुसलेलं उद्या सकाळी परत हजर.

प्रश्न: मी सांख्यिकी शिकवायचो, आता निवृत्त आहे. माझ्या जुन्या टिपणांप्रमाणे पॅकेज डॉट स्केलेटन वापरून सांगाडा तयार केला. इन्स्टॉल करताना हेल्पच्या फायलींत टायटल नाही म्हणून अडतं. मुलीने रॉक्सिजन वापरायला सांगितलं, तर ते 'स्किपिंग नेमस्पेस' म्हणतं. आता? (एक वाचक, सांगली)

काका, 'आता?' लिहिणारे तुम्हीच ना!

तुमची टिपणं चुकीची नाहीत, पॅकेज डॉट स्केलेटन आरमध्ये अजून आहे आणि चालतं. पण ते प्रत्येक फंक्शनसाठी मॅन फोल्डरमध्ये हेल्पची एक अर्धवट फाइल करून ठेवतं, तिच्यात टायटलच्या जागी फक्त कॉमेंट असते, आणि ती तुम्ही भरावी अशी अपेक्षा असते. ती भरली नाही की इन्स्टॉल तिथेच अडतं. पॅकेजच्या मुख्य फोल्डरमध्ये 'वाचा आणि डिलीट करा' अशा अर्थाच्या नावाची एक फाइल पण असते, आजवर ती वाचणारा मला भेटलेला नाही, डिलीट करणारा पण नाही.

रॉक्सिजनचं म्हणाल तर तो सभ्य प्राणी आहे, जी फाइल त्याने स्वतः बनवली नाही तिला तो हात लावत नाही. तुमचं नेमस्पेस स्केलेटनने बनवलंय, म्हणून स्किपिंग. हेल्पच्या फायलींचंही तेच. तेव्हा फोल्डरची एक कॉपी बाजूला ठेवा, मग नेमस्पेस फाइल आणि मॅनमधल्या सगळ्या फायली सरळ काढून टाका, प्रत्येक फंक्शनच्या वर रॉक्सिजनच्या ओळी लिहा, निदान टायटल, प्रत्येक पॅरामीटरचं एक वाक्य आणि एक्स्पोर्ट एवढं तरी, आणि डॉक्युमेंट चालवा. हो, एक फरक लक्षात असू द्या. स्केलेटनच्या नेमस्पेसमध्ये 'अक्षराने सुरू होणारं सगळं एक्स्पोर्ट' अशी सरसकट ओळ असते, रॉक्सिजनमध्ये तसं नाही, ज्याच्यावर एक्स्पोर्ट लिहाल तेवढंच बाहेर. विसरलात तर वरच्या परभणीच्या मुलीसारखं होईल. आणि लायसन्सच्या ओळीत 'हे कुठलं लायसन्स आहे?' असा प्रश्नच छापलेला असतो, तो तसाच ठेवू नका, तिथे उत्तर लिहायचं असतं.

प्रश्न: नावात अंडरस्कोर का चालत नाही? फंक्शनच्या नावात तर चालतो.

चालत नाही, नियम आहे. पॅकेजच्या नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टिंब एवढंच, सुरुवात अक्षराने, निदान दोन कॅरॅक्टर, शेवटी टिंब नको. हायफन पण नाही. टिंब चालतो म्हणून घालू पण नका, उगाच बोलताना त्रास.

प्रश्न: आम्ही एका संस्थेत रोजचा आजारांचा रिपोर्ट काढतो. मी त्याचं पॅकेज केलं, रिपोर्टच्या वर आजची तारीख येते. माझ्याकडे बरोबर येते. ऑफिसच्या मशीनवर मात्र पंधरा दिवस झाले, रोज सोमवारचीच तारीख, ज्या सोमवारी मी ते इन्स्टॉल केलं तो सोमवार. मशीनचं घड्याळ बरोबर आहे. साहेबांनी विचारलं तेव्हा काय सांगावं कळेना. (एक डेटा ॲनालिस्ट, नाशिक)

या महिन्यातला माझा सगळ्यात आवडता प्रश्न! तुम्ही फाइलच्या वरच्याच भागात, कुठल्याही फंक्शनच्या बाहेर, 'आज' नावाचं व्हेरिएबल करून त्यात सिस डॉट डेट ठेवलंय आणि खाली फंक्शनमध्ये ते वापरलंय. स्क्रिप्टमध्ये हे अगदी बरोबर आहे, स्क्रिप्ट रोज वरपासून खालपर्यंत चालते.

पॅकेज तसं चालत नाही. इन्स्टॉल होताना आर तुमच्या फायली एकदाच चालवतो, त्यातून जे काही तयार झालं, फंक्शनं, व्हेरिएबलं, ते सगळं साठवून ठेवतो, आणि नंतर लायब्ररी म्हटल्यावर ते साठवलेलंच उचलून देतो, फायली परत चालवत नाही. म्हणजे फंक्शनच्या बाहेर जे लिहिलंय ते लग्नाच्या पत्रिकेवर छापल्यासारखं झालं, मुहूर्त पुढे गेला तरी पत्रिकेवर जुनीच वेळ. तुमच्याकडे बरोबर यायचं कारण तुम्ही रोज लोड ऑल करता, आणि ते दर वेळी फायली नव्याने चालवतं. परत तोच गुन्हेगार!

उपाय दोन. एक तर सिस डॉट डेट फंक्शनच्या आत न्या. किंवा फंक्शनला 'तारीख' असं अर्ग्युमेंट द्या आणि त्याची डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणून सिस डॉट डेट लिहा, डीफॉल्टचं गणित फंक्शन बोलावल्यावर होतं, इन्स्टॉल करताना नाही, त्यामुळे ते चालतं. मला दुसरं बरं वाटतं, कारण उद्या साहेब म्हणाले गेल्या मंगळवारचा रिपोर्ट परत काढा, तर तारीख देऊन काढता येतो.

हाच नियम बाकी गोष्टींना पण लावून बघा. फंक्शनच्या बाहेर फाइलचा पाथ ठरवला असेल, युजरचं नाव काढलं असेल, एखादं ऑप्शन वाचलं असेल, तर ते सगळं इन्स्टॉल ज्या क्षणी आणि ज्या मशीनवर झालं तिथलं गोठून बसेल. साहेबांना सांगा की तारीख पॅकेज केली गेली होती.

प्रश्न: डिस्क्रिप्शन फाइल (पॅकेजची माहिती असते ती) नोटपॅडमध्ये लिहिली. 'लाइन स्टार्टिंग अमुक इज मालफॉर्म्ड' असं येतं. ओळ तर साधी आहे.

वर्णन एका ओळीत मावलं नाही म्हणून एंटर मारलात ना? या फाइलमध्ये पुढची ओळ जर आधीच्याच रकान्याचा भाग असेल तर तिच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडावी लागते, चार स्पेस सोडा. नाहीतर आरला वाटतं नवा रकाना आला आणि त्याला कोलन सापडत नाही. आणि नोटपॅडने फाइलला मागून टीएक्सटी चिकटवलं नाही ना तेही बघा, विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपवलेलं असतं, त्यामुळे दिसायला डिस्क्रिप्शन आणि असायला डिस्क्रिप्शन डॉट टीएक्सटी असं होतं. नोटपॅड सोडा हो.

प्रश्न: ताई, माझ्या फंक्शनमध्ये सगळीकडे डीप्लायर (डेटा गाळायचं-बदलायचं पॅकेज) आहे, म्हणून फंक्शनच्या आत वरतीच लायब्ररी लिहिलं. चेक (आरची पॅकेज-तपासणी) केल्यावर त्याला आक्षेप. ते काढून डिस्क्रिप्शनच्या इम्पोर्ट्समध्ये डीप्लायर लिहिलं तर फिल्टर सापडत नाही म्हणे. आणि 'नो व्हिजिबल बाइंडिंग फॉर ग्लोबल व्हेरिएबल' अशा सतरा नोट्स, सगळ्या माझ्या कॉलमच्या नावांच्या. कॉलम तर डेटात आहेत! (एक वाचक, पुण्यातून)

एकेक घेऊ. इम्पोर्ट्स या शब्दाने सगळ्यांनाच फसवलंय. डिस्क्रिप्शनमध्ये इम्पोर्ट्सखाली डीप्लायर लिहिलं की फक्त एवढंच होतं, तुमचं पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्याच्या मशीनवर डीप्लायर पण असेल. किराणा भरून ठेवला, स्वयंपाक झाला नाही. फंक्शन वापरताना ते कुठलं ते सांगावंच लागतं, म्हणजे डीप्लायर, दोन कोलन, फिल्टर. लिहायला लांब वाटतं पण सहा महिन्यांनी स्वतःचाच कोड वाचताना दुवा द्याल.

लायब्ररी आत का नको? कारण त्याने तुमचं पॅकेज वापरणाऱ्याच्या सेशनमध्ये तुम्ही न विचारता सामान आणून ठेवता. फिल्टर नावाचं फंक्शन स्टॅट्समध्ये (आरसोबतच येणाऱ्या पॅकेजमध्ये) पण आहे, टाइम सिरीजवाले ते वापरतात. एखादी बाई तुमचं फंक्शन एकदा चालवेल आणि त्यानंतर तिचं स्वतःचं फिल्टर, जे सकाळपर्यंत चालत होतं, ते एकदम भलतीच एरर देईल, आणि तिला स्वप्नातही येणार नाही की हे तुमच्यामुळे झालं.

मीडियनचं पण बघा, तुमच्या यादीत एक नोट 'नो व्हिजिबल ग्लोबल फंक्शन डेफिनिशन' अशी मीडियनबद्दल आहे. मीडियन बेसमध्ये नाही, स्टॅट्समध्ये आहे. आर उघडल्यावर स्टॅट्स आपोआप हजर असतं म्हणून आपल्याला ते घरचंच वाटतं, पण पॅकेजमध्ये तेही सांगून घ्यायचं. स्टॅट्स, दोन कोलन, मीडियन, आणि इम्पोर्ट्समध्ये स्टॅट्स.

आता कॉलमचं. तुम्ही फिल्टरमध्ये कॉलमचं नाव कोट्सशिवाय लिहिता, डीप्लायर ते डेटात शोधतो, पण चेक करणारा प्रोग्रॅम डेटा बघतच नाही, नुसता कोड वाचतो, आणि त्याला वाटतं की 'भाव' नावाचं व्हेरिएबल कुठेच केलेलं नाही. त्याचं चुकलं नाही आणि तुमचंही नाही. आरलँग पॅकेजमधून डॉट डेटा इम्पोर्ट करून घ्या आणि फिल्टर, म्युटेटमध्ये कॉलमच्या आधी डॉट डेटा आणि डॉलर लावा. सिलेक्टमध्ये मात्र डॉट डेटा नको, तिथे कॉलमचं नाव सरळ कोट्समध्ये लिहा. दुसरा आळशी मार्ग म्हणजे ग्लोबल व्हेरिएबल्स नावाच्या फंक्शनला सगळ्या नावांची यादी देऊन टाकायची, चेक गप्प बसतो. पण मग खरंच एखाद्या नावात टायपो झाला आणि ते यादीतल्या दुसऱ्या नावाशी जुळलं, तर तो पण गप्प. सतरा नोट्सना घाबरून मी एकदा हा मार्ग घेतला होता, परत घेणार नाही.

प्रश्न: विंडोजवर 'फेल्ड टू लॉक डिरेक्टरी' येतं. शिवाय आरटूल्स नाही म्हणून वॉर्निंग. आधी ते टाकू का?

आर किती खिडक्यांत उघडलंय ते मोजा. सगळ्या बंद करा, लायब्ररीच्या फोल्डरमध्ये शून्य-शून्य-लॉक नावाने सुरू होणारं फोल्डर असेल ते उडवा, परत इन्स्टॉल करा. आधीचं इन्स्टॉल अर्ध्यात तुटलं की ते मागे राहतं. लोड असलेल्या पॅकेजवरच नवीन इन्स्टॉल केलं तर कधी 'लेझी-लोड डेटाबेस करप्ट' असंही भयंकर काहीतरी येतं, बहुतेक वेळा आर रिस्टार्ट केलं की जातं. पॅकेजचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये ठेवलं असेल तर बाहेर काढा, आपण लिहितोय आणि तो सिंक करतोय, दोघांची मारामारी.

आरटूल्स सी, सी प्लस प्लस किंवा फोरट्रानचा कोड कंपाइल करायला लागतं. तुमचं सगळं आरमध्येच असेल तर वॉर्निंगकडे दुर्लक्ष करून पुढे जा. टाकायचंच असेल तर आरच्या व्हर्जनशी जुळणारं टाका, आर ४.४ ला आरटूल्स ४४.

प्रश्न: आमच्याकडे येणाऱ्या एक्सेलमध्ये आकडे मराठीत असतात, '१,२५,०००' असे. त्यांचे नंबर करायचं फंक्शन लिहिलं, चाललं, फार आनंद झाला. चेक केलं तर 'नॉन-आस्की कॅरॅक्टर्स' म्हणून वॉर्निंग. म्हणजे आरमध्ये मराठी चालत नाही का? (एक वाचक, लातूर)

चालतं हो, छान चालतं. तुम्ही केलंय ते सुंदरच आहे, चार्टर फंक्शनला एकीकडे शून्य ते नऊ देवनागरीत आणि दुसरीकडे इंग्रजीत दिलंय, आधी जीसबने स्वल्पविराम काढलेत, मग ॲज न्यूमेरिक. नाहीतर ॲज न्यूमेरिकला थेट '१२' दिलं की तो हात वर करून एनए देतो. मला हे इतकं आवडलं की माझ्या जुन्या तीस ओळींच्या फंक्शनच्या जागी तुमच्या तीन ओळी टाकल्यात.

वॉर्निंगचा अर्थ एवढाच, की पॅकेजच्या कोडमध्ये, कॉमेंट सोडून, फक्त साधी इंग्रजी कीबोर्डवरची चिन्हं असावीत, म्हणजे ते जगात कुठल्याही मशीनवर सारखंच वाचलं जाईल. विंडोजवर आर ४.२ पासून, म्हणजे २०२२ पासून, यूटीएफ-८ सरळ चालतं, पण त्याआधीच्या आरवर हेच देवनागरी शून्य कधी कधी कोनातल्या कंसात यू अधिक ०९६६ असं छापून यायचं, जुन्या मशीनवर अजून येईल.

त्यातच उत्तर पण आहे. स्ट्रिंगमध्ये अक्षर न लिहिता त्याचा युनिकोड नंबर लिहायचा, बॅकस्लॅश, लहान यू आणि चार आकडी कोड. देवनागरी शून्याचा ०९६६, एकाचा ०९६७, असं करत आठाचा ०९६ई आणि नवाचा ०९६एफ, हेक्स आहे म्हणून शेवटी अक्षरं येतात, ०९७० लिहिलंत तर नवाऐवजी संक्षेपाचं छोटं वर्तुळ येईल, मी लिहिलं होतं. दहा चिन्हं हाताने होतात, पण जिल्ह्यांची नावं वगैरे असतील तर स्ट्रिंगी पॅकेजमध्ये एस्केप युनिकोड नावाचं फंक्शन आहे, त्याला मराठी द्या, तो कोड करून देतो, तो चिकटवा. आणि वरती कॉमेंटमध्ये मराठीत लिहून ठेवा की हे काय आहे, कॉमेंटमध्ये चालतं. कुठल्या ओळीत मराठी राहिलंय ते शोधायला टूल्समध्ये शो नॉन-आस्की फाइल आहे.

मराठी नावाचा कॉलम थेट डॉलर लावून लिहिला असेल तर तिथे ही युक्ती चालत नाही, दुहेरी चौकोनी कंसात स्ट्रिंग म्हणून द्या, मग चालते. फंक्शनचं नाव मराठीत ठेवायचा मोह झाला तर आवरा. डेटा फोल्डरमधल्या मराठी मजकुरावर चेक 'मार्क्ड यूटीएफ-८ स्ट्रिंग्ज सापडल्या' अशी नोट देईल, ती निरुपद्रवी आहे, राहू द्या.

अजून एक, जे तुम्हाला लवकरच भेटेल. एखाद्या फाइलमध्ये एक्सेलमध्ये मराठी दिसतंय आणि आरमध्ये आणल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा, असं झालं तर ती युनिकोडमध्ये नाहीच, जुन्या शिवाजी किंवा श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. आत इंग्रजी अक्षरंच आहेत, फक्त फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. ती आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावी लागते, तुमच्या चार्टरची त्यात काही चूक नाही.

प्रश्न: सहकाऱ्याला टार-जीझेड फाइल (बिल्ड केलेलं पॅकेज) पाठवली. इन्स्टॉल पॅकेजेसमध्ये नाव लिहिलं तर 'नॉट अव्हेलेबल'. मग पाथ दिला तर म्हणतं तुझं आर ३.६ आहे, या पॅकेजला निदान ४.१ लागतं. मी अशी अट कुठेच लिहिलेली नाही!

नुसतं नाव दिलं की आर ते क्रॅनवर, म्हणजे आरच्या पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारात, शोधतो, तिथे तुमचं पॅकेज नाही, म्हणून नॉट अव्हेलेबल. फाइलचा पाथ, रेपोज बरोबर नल आणि टाइप सोर्स, असं द्यायचं. पण तसं केलं की बाकी लागणारी पॅकेजेस आपोआप येत नाहीत, त्यापेक्षा रिमोट्समधलं इन्स्टॉल लोकल वापरा, ते आणतं.

अट तुम्ही घातली नाही, आरनेच घातली. तुम्ही नवा पाइप (एकाचं उत्तर पुढच्या फंक्शनला देणारं चिन्ह) वापरलाय, उभी रेघ आणि त्रिकोणी कंसवाला. तो २०२१ मध्ये आर ४.१ मध्ये आला, त्याआधीच्या आरला ते वाक्यच वाचता येत नाही. पॅकेज बिल्ड करताना आरला तो दिसला की तो डिपेंड्समध्ये ४.१ ची अट स्वतःच टाकतो, आणि बिल्डच्या वेळी तसं सांगतो पण, ते वर सरकून गेलं असेल. सहकाऱ्याला आर अपडेट करायला सांगा. त्याला ऑफिस परवानगी देत नसेल तर तुम्हाला टक्क्यांवाल्या जुन्या पाइपवर परत जावं लागेल, आणि तो मॅग्रिटरमधून इम्पोर्ट करावा लागेल.

त्यानंतर तुमची पुढची एरर मी आत्ताच सांगते, कारण मी कोड बघितलाय. सीएसव्ही तुम्ही सी ड्राइव्हमधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमधून वाचताय. ते फोल्डर त्याच्याकडे नाही. फाइल पॅकेजमध्ये इन्स्ट, त्यात एक्स्टडेटा, अशा फोल्डरात ठेवा आणि वाचताना सिस्टिम डॉट फाइलला पाथ विचारा. विचारताना इन्स्ट लिहायचं नाही, इन्स्टॉल झाल्यावर ते फोल्डर गळून पडतं आणि आतलं सगळं एक पायरी वर येतं. लिहिलंत तर रिकामी स्ट्रिंग मिळते, एरर पण नाही, आणि मग अर्धा दिवस गेला.

प्रश्न: पॅकेज आता सगळीकडे चालतंय, चेक पण स्वच्छ. क्रॅनवर पाठवू का? मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, त्याआधी नावावर काहीतरी लागलं तर बरं. (एक वाचक, नागपूर)

दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग असेल तर पाठवा. तुमच्या एकाच ऑफिसच्या फॉर्मसाठी असेल तर नको, गिटहबवर ठेवा, तिथून पण इन्स्टॉल होतं. क्रॅन कुर्ट हॉर्निक आणि फ्रिडरिश लाइश यांनी १९९७ मध्ये व्हिएन्नात सुरू केलं, आज तिथे २० हजारांच्या वर पॅकेजेस आहेत आणि नवीन आलेलं प्रत्येक पॅकेज मोजकी स्वयंसेवक माणसं बघतात. त्यांचे मेल तुटक असतात. पहिला मेल वाचून मला रडू यायचं बाकी होतं, नंतर कळलं की ते सगळ्यांनाच तसंच लिहितात.

पाठवायच्या आधी नुसत्या चेकवर थांबू नका, ॲज-क्रॅन लावून (क्रॅनच्या नियमांप्रमाणे) चेक करा, आणि विन-बिल्डरवर (विंडोजवर पॅकेज तपासून देणाऱ्या वेबसाइटवर) आरच्या डेव्हलपमेंट व्हर्जनवर पण चालवून घ्या, डेव्हटूल्समधून एका ओळीत जातं. 'न्यू सबमिशन' ही एक नोट येणारच, ती नवीन प्रत्येकाला येते. माणसं ज्यावर अडवतात त्या गोष्टी वेगळ्याच, टायटलमधले मुख्य शब्द कॅपिटल नाहीत, वर्णन 'धिस पॅकेज' ने सुरू केलंय, फंक्शन काय परत देतं ते हेल्पमध्ये लिहिलं नाही, उदाहरणं सगळी डोन्टरनमध्ये ('चालवू नका' अशा खुणेत) गुंडाळून ठेवलीत, किंवा फंक्शन न विचारता युजरच्या होम फोल्डरमध्ये फाइल लिहितं. तुमच्यात शेवटचं आहे, ती फाइल टेम्पडिरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या फोल्डरात, न्या. परत आलं तर दुरुस्त करा, व्हर्जन नंबर वाढवा, पाठवा.

आणि मेंटेनर म्हणून तुम्ही ऑफिसचा मेल दिलाय. सबमिट केल्यावर त्याच पत्त्यावर एक लिंक येते, ती क्लिक केल्याशिवाय पॅकेज पुढे सरकतच नाही, आणि नंतरही सगळा पत्रव्यवहार तिथेच, आणि मेल परत यायला लागले की पॅकेज आर्काइव्हमध्ये टाकतात. मार्चनंतर तो पत्ता कोण उघडणार? पाठवायच्या आधी घरचा टाका.